इंग्रजांच्या पलटणीला पगार कोण देत होतं? इतिहासाच्या शिक्षकांना एका कोषागारवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांत इतिहास शिकवणारे सर्व शिक्षक

सप्रेम नमस्कार.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जिल्हा कोषागार कार्यालयात ३१ वर्षं बिलं तपासली आणि निवृत्त झालो. इंग्लंडच्या इतिहासाची पुस्तकं वाचायची सवय मात्र नोकरीच्या पहिल्या वर्षांत लागली आणि ती टिकली. त्या वाचनात भेटलेला एक माणूस आपल्या वर्गांत कधी येत नाही, याची खंत बरीच वर्षं मनात आहे. आज ती तुमच्यापुढे मांडतो.

निमित्त घडलं दिवाळीच्या सुट्टीत. नातवाची इतिहासाची वही चाळत होतो. प्रश्न होता, ‘इंग्रज मराठ्यांवर विजय का मिळवू शकले? कारणे लिहा.’ खाली सुवाच्य अक्षरात पाच मुद्दे: कवायती फौज, उत्तम तोफखाना, आरमार, आपल्यातली फूट, फितुरी. पाचही बरोबर. मी त्याला विचारलं, ‘या कवायती फौजेला दरमहा पगार कोण देत होतं रे?’ तो म्हणाला, ‘कंपनी.’ ‘कंपनीकडे पैसा कुठून आला?’ ‘व्यापारातून.’ ‘आणि व्यापाराला भांडवल?’ तो थांबला. पोराचा काही दोष नाही. मीही त्याच्या वयात तिथेच थांबलो असतो, कारण आम्हालाही तिथून पुढे कोणी नेलं नव्हतं.

तिथून पुढे नेणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स माँटेग्यू. १९१९च्या सुधारणांमुळे आपल्याला माहीत असलेला माँटेग्यू तो एडविन, हा त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधीचा. जन्म १६६१चा, नॉर्दॅम्पटनशरमधल्या हॉर्टन गावचा. त्याच वर्षी पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या तहात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला द्यायचं ठरलं. घराणं सरदारी, पण हा धाकट्या पातीतला, म्हणजे जमीनजुमला वाट्याला येणार नाही, पोटापाण्याचं स्वतःच बघायचं. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, आणि तिथे त्याच्याहून १८ वर्षांनी मोठ्या असलेल्या आयझॅक न्यूटनशी त्याची मैत्री जुळली. सुरुवातीला नाव झालं ते कवितेमुळे. १६८९मध्ये पार्लमेंटात गेला, १६९२मध्ये ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारी खजिन्याच्या मंडळावर, १६९४मध्ये चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर, म्हणजे अर्थमंत्री. वय ३३.

त्याने काय केलं हे कळायला आधीचा खजिना कसा होता ते बघावं लागतं. आणि इथे मला एक काठी दाखवायची आहे.

इंग्लंडच्या खजिन्यात शेकडो वर्षं पावतीऐवजी हेझल नावाच्या झुडपाची काठी चालत असे. रकमेच्या खुणा काठीवर खाचा पाडून करायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताएवढी रुंद, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या पिकल्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक भाग पैसे देणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. हिशेबाच्या वेळी दोन्ही भाग जोडले की खाचा जुळल्याच पाहिजेत. लबाडी करायला जागाच नाही. आमच्याकडे दूधवाली भिंतीवर कोळशाने रेघा मारायची तीच ही रीत, फक्त राजाच्या दरबारातली. राजाला पैसा हवा असला की पुढच्या वर्षीच्या कराच्या भरवशावर अशा काठ्या सावकारांना द्यायच्या, आणि कर जमा झाला की त्या सोडवायच्या.

काठी पक्की होती, राजाचा शब्द कच्चा होता. जानेवारी १६७२मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने एका फर्मानाने ही परतफेड थांबवली. लंडनच्या सोनार-सावकारांचे सुमारे १३ लाख पौंड अडकले, काही पेढ्या बुडाल्या, आणि त्यांच्याकडे ठेव ठेवणारे साधे लोकही त्यांच्याबरोबर बुडाले. राजावर फिर्याद करून पैसा वसूल करणं जवळजवळ अशक्य होतं. यानंतर राजाला कर्ज देताना सावकार भरमसाट व्याज लावणार नाही तर काय करणार?

१६८८ची क्रांती झाली, विल्यम राजा आला आणि लगेच फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी युद्ध सुरू झालं. नऊ वर्षं चाललं. १६९०मध्ये बीची हेडला इंग्रज-डच आरमाराचा फ्रेंचांनी पराभव केला. आरमार नव्याने उभारायचं तर लाकूड, दोर, शीड, खलाशांचा पगार, सगळ्यालाच रोख लागते. खजिन्यात ती नव्हती. याच टप्प्यावर माँटेग्यू ट्रेझरीत आला.

आधी दीर्घ मुदतीचं कर्ज, मग सरकारी लॉटरी (१० पौंडांचं एक तिकीट, अशी एक लाख तिकिटं), आणि मग १६९४मध्ये बँक ऑफ इंग्लंड. योजनेचा आराखडा विल्यम पॅटरसन या स्कॉटिश माणसाचा, पण तो कायद्यात बसवून पार्लमेंटातून पार नेला माँटेग्यूने. बेत असा: लोकांनी मिळून सरकारला १२ लाख पौंड द्यायचे, व्याज शेकडा ८, शिवाय व्यवस्थेच्या खर्चाला वर्षाला ४ हजार. म्हणजे सरकारने दरवर्षी बरोबर एक लाख पौंड मोजायचे. हा लाख कुठून येणार तेही त्याच कायद्यात लिहिलेलं होतं: जहाजांच्या वजनावरचा कर, बिअर आणि दारूवरचा कर. २१ जून १६९४ला वर्गणीची वही उघडली आणि १२ दिवसांत रक्कम भरली. नावं लिहिणारे साडेबाराशेच्या वर. राजा-राणी, व्यापारी, कारागीर, विधवा बायका.

कोषागारात बसलेल्या माणसाला यातली खरी गोष्ट लगेच दिसते. कर्ज काढणं नवीन नव्हतं. नवीन होतं ते प्रत्येक कर्जाला ठरावीक कराची जोड देणं आणि तो ठराव राजाच्या मर्जीवर न ठेवता पार्लमेंटच्या कायद्यात बांधणं. आमच्या भाषेत सांगायचं तर तरतुदीशिवाय एक पैसा खर्ची पडायचा नाही, आणि हेड, म्हणजे कुठल्या खात्यातून पैसा यायचा ते, आधीच ठरलेलं. कर्ज देणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतः पार्लमेंटात बसत किंवा तिथे माणसं निवडून पाठवत. आपलं व्याज बुडवणारा कायदा तेच कसा होऊ देतील? सावकाराचा विश्वास राजाच्या चेहऱ्यावरून उठून कागदावर येऊन बसला. लुई राजा माँटेग्यूच्या देशाहून कितीतरी श्रीमंत होता, त्याची प्रजा तिपटीहून जास्त होती, पण त्याच्यावर असा विश्वास टाकायला जागा नव्हती.

आता नाण्यांची गोष्ट. ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण वर्गात मुलांच्या हातात देता येईल असं काही यात आहे.

त्या काळी इंग्लंडमध्ये दोन प्रकारची चांदीची नाणी एकत्र चालत. जुनी हातोड्याने ठोकलेली, कडा ओबडधोबड. आणि १६६२नंतरची यंत्रावर पाडलेली, गोल, काठाला दाते किंवा अक्षरं असलेली. मोठ्या नाण्यांच्या काठावर लॅटिनमध्ये कोरलेलं असे, ‘शोभा आणि संरक्षण’. जुन्या नाण्याची कड कात्रीने जराशी कापली तर कुणाला कळत नसे. कापलेली चांदी वितळवून विकायची आणि नाणं पुन्हा बाजारात ढकलायचं. हा धंदा देशभर बोकाळला. पकडला गेला तर फाशी होती, तरी थांबला नाही. लोक चांगली नाणी घरात दडवत किंवा वितळवत, आणि बाजारात फिरत राहिली ती कातरलेलीच. १६९५पर्यंत किती कातरली गेली होती? खजिन्यात जमा झालेल्या ५७,२०० पौंड रकमेच्या हातठोक नाण्यांचं वजन करून पाहिलं. ते २ लाख २० हजार औंसांच्या वर भरायला हवं होतं. भरलं १ लाख १४ हजारांच्याही खाली. निम्मी चांदी गायब! गिनी हे सोन्याचं नाणं चढत चढत चांदीच्या ३० शिलिंगांवर पोचलं (वीस शिलिंगांचा एक पौंड). बाजारात प्रत्येक खरेदीला भांडण: मोजून घ्यायचं की तोलून? मजुराला आठवड्याचा पगार मोजून मिळायचा आणि पाववाला तोलून मागायचा.

काय करावं यावर दोन मतं होती. ट्रेझरीचा सचिव विल्यम लाउंड्स हा कसलेला कारकून माणूस. तो म्हणाला, नवी नाणी पाडा पण त्यांत चांदी पाचव्या हिश्शाने कमी घाला, बाजारभाव तसाही तिथे गेलेलाच आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाला, मुळीच नाही. पौंड म्हणजे अमुक वजनाची चांदी, हा राज्याने दिलेला शब्द आहे. तो मोडला तर ज्याने कर्ज दिलंय त्याची ती फसवणूक ठरेल. माँटेग्यूने कौल लॉकच्या बाजूने दिला. बँकेच्या कायद्यात त्याने जे केलं त्याच्याशी हा निर्णय सुसंगत होता. पण त्याची किंमत कुणी मोजली हेही बघायला हवं.

जानेवारी १६९६मध्ये कायदा झाला. कातरलेली नाणी ४ मे १६९६पर्यंत करापोटी पूर्ण किमतीने खजिन्यात घेतली जातील, त्यानंतर नाही. ज्याला कर भरावा लागतो, म्हणजे जमीनदार, व्यापारी, त्याची सोय झाली. ज्याच्याकडे भरण्याइतका करच नव्हता, गाठीला दहा-वीस कातरलेली शिलिंगं होती, त्या बाईबाप्याने काय करायचं? शेवटच्या दिवशी खजिन्याच्या दारात झुंबड उडाली. मेनंतर जुनं नाणं बाद आणि नवं पुरेसं तयार नाही, अशा अवस्थेत तो उन्हाळा गेला. लोक उधारीवर जगले. नव्या बँकेलाही आपल्या नोटांच्या बदल्यात रोख देणं थांबवावं लागलं. ही गोष्ट मी माँटेग्यूच्या खात्यात नावे बाजूलाच मांडतो. लॉकचं तत्त्व सांभाळलं गेलं, पण गरिबाच्या गाठीचं मोल गेलं, आणि आपल्या राज्यात नोटा बदलायला रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही तो उन्हाळा समजावून सांगावा लागणार नाही.

लंडनच्या टॉवरमधली टाकसाळ एकटी पुरी पडेना, म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉर्विच आणि यॉर्क इथे नव्या टाकसाळी उभारल्या. चेस्टरला नेमलेल्या अधिकाऱ्यांत एडमंड हॅली होता, धूमकेतूवाला. आणि टॉवरमध्ये माँटेग्यूने आपल्या जुन्या मित्राला बोलावलं. १९ मार्च १६९६च्या पत्रात त्याने न्यूटनला कळवलं की टाकसाळीच्या वॉर्डनची, म्हणजे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे, वर्षाला पाच-सहाशे पौंड मिळतील आणि काम फारसं नाही. न्यूटनने मात्र ती नोकरी जीव ओतून केली. घोड्यांनी फिरणाऱ्या यंत्रांचा वेग तपासला, कामगारांच्या पाळ्या लावल्या, खोटी नाणी पाडणाऱ्यांचे जबाब स्वतः बसून घेतले. विल्यम शॅलोनर नावाच्या पट्टीच्या खोटे नाणेवाल्याच्या मागे तो हात धुऊन लागला, आणि १६९९मध्ये शॅलोनर फासावर गेला. गुरुत्वाकर्षणाचा न्यूटन आणि हा न्यूटन एकच, हे सांगितल्यावर वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरसुद्धा मान वर करतं. मी एका शाळेत हे सांगून पाहिलंय.

तिथे मी मुलांना दहा रुपयांचं नाणं काढायला सांगितलं होतं. ‘कडेवरून नख फिरवा.’ खर्र आवाज आला, सगळ्या वर्गात. ‘हे दाते कशासाठी?’ कुणी म्हणालं धरायला सोपं जावं म्हणून, कुणी म्हणालं शोभेला. एक मुलगी दुसऱ्या बाकावरून म्हणाली, ‘कुणी घासलं तर कळावं म्हणून.’ तिला मी माझं नाणं देऊन टाकलं.

या सगळ्या खटाटोपात खजिन्याला सुमारे २७ लाख पौंडांची झळ बसली. ती भरून काढायला घरांवर नवा कर बसवला, खिडक्या मोजून. प्रत्येक घराला वर्षाला २ शिलिंग, १० ते २० खिडक्या असतील तर वर ४, वीसच्या वर असतील तर ८. मोजणी रस्त्यावरून करता येते, घरात शिरावं लागत नाही, म्हणून तो सोपा वाटला. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. हा कर १८५१पर्यंत चालला. दीडशे वर्षं गरीब वस्त्यांतली माणसं अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत राहिली. इंग्लंडमध्ये अजूनही जुन्या घरांवर बुजवलेल्या खिडक्यांचे चौकोन दिसतात.

आता आपल्याशी थेट जोडलेला भाग. हा मला सगळ्यांत जास्त बोचतो.

१६९७मध्ये युद्ध संपलं, माँटेग्यू ट्रेझरीचा फर्स्ट लॉर्ड, म्हणजे प्रमुख झाला. कर्ज दीड कोटी पौंडांच्या पुढे. आणखी पैसा हवा होता. तेव्हा त्याची नजर गेली पूर्वेच्या व्यापारावर. ईस्ट इंडिया कंपनीकडे मक्ता होता आणि तिची बदनामीही झाली होती, १६९५च्या चौकशीत तिने दरबारात वाटलेल्या लाचेचे आकडे बाहेर आले होते. जुनी कंपनी म्हणाली, आमचा हक्क कायम ठेवा, आम्ही सरकारला ७ लाख पौंड देतो, शेकडा ४ व्याजाने. तिच्या विरोधातले व्यापारी म्हणाले, हक्क आम्हाला द्या, आम्ही २० लाख देतो, शेकडा ८ने. माँटेग्यूने २० लाख निवडले. जुलै १६९८मध्ये वर्गणी उघडली आणि तीन दिवसांत भरली. पाडाव होऊ नये म्हणून जुन्या कंपनीने स्वतःच त्यात ३ लाख १५ हजार गुंतवले. अशी नवी कंपनी जन्माला आली.

हे पुन्हा एकदा वाचा, सर. आपल्या देशाशी व्यापार करण्याचा हक्क लंडनमध्ये बोली लावून विकला गेला, त्यांच्या युद्धाचं देणं भागवण्यासाठी. इथे तेव्हा औरंगजेब मराठ्यांशी लढत दक्षिणेत तळ ठोकून बसला होता, आणि राजाराम महाराज जिंजीहून नुकतेच महाराष्ट्रात परतले होते. दोन्ही बाजूंच्या छावण्यांत कुणाला याची गंधवार्ता असेल?

पण त्या बोलीचे पाय दोन-तीन वर्षांत आपल्या दारात आले. नव्या कंपनीसाठी राजा विल्यमचा वकील म्हणून सर विल्यम नॉरिस हिंदुस्थानात उतरला. जानेवारी १७०१मध्ये तो सुरतेहून मोठ्या लवाजम्यानिशी निघाला, आणि बादशहाला गाठलं ते कुठे? पन्हाळ्याच्या पायथ्याशी! औरंगजेब तेव्हा पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. २८ एप्रिल १७०१ला नॉरिसची भेट झाली. नजराणे दिले, फर्मान मागितलं. बादशहाच्या बाजूने अट आली की समुद्रावरच्या इंग्रज चाच्यांपासून आमच्या जहाजांचं रक्षण करण्याचं हमीपत्र लिहून द्या. १६९५मध्ये गंज-इ-सवाई हे बादशाही जहाज इंग्रज चाच्याने लुटलेलं होतं, त्याचा राग गेलेला नव्हता. नॉरिसला ते लिहून देता येईना. महिनोन्‌महिने घोळ चालला आणि नोव्हेंबरमध्ये तो रिकाम्या हाताने छावणी सोडून निघाला. १७०२मध्ये परतीच्या वाटेवर समुद्रातच वारला.

तिकडे सुरतेत नव्या कंपनीचा अध्यक्ष सर निकोलस वेट आणि मुंबईचा जुन्या कंपनीचा गव्हर्नर सर जॉन गेयर यांच्यात वैर पेटलं. १७०१मध्ये गेयरला सुरतेत मोगल अधिकाऱ्यांनी अटक केली, त्यामागे वेटच्या कागाळ्या होत्या, आणि गेयर वर्षानुवर्षं अडकून पडला. वेट पुढे १७०४मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. एकाच राजाच्या दोन कंपन्या एकमेकींना बुडवत होत्या. ते भांडण अखेर लंडनमध्ये मिटलं. १७०८मध्ये तेव्हाचा खजिनदार गोडॉल्फिन याने लवाद म्हणून निवाडा दिला, दोन्ही कंपन्या एक झाल्या, आणि एकत्र कंपनीने सरकारला आणखी १२ लाख बिनव्याजी दिले. एकूण ३२ लाख. पुढे ज्या कंपनीशी पेशव्यांचे वकील तह करत होते, ती हीच.

म्हणजे ‘कंपनी’ हा शब्द फळ्यावर लिहिताना तिच्यापाशी थांबू नका, ही माझी विनंती आहे. तिच्या मागे ट्रेझरी उभी होती, ट्रेझरीच्या मागे पार्लमेंट, आणि पार्लमेंटच्या मागे व्याज वेळेवर मिळतं म्हणून निश्चिंत असलेले हजारो लहान-मोठे सावकार. १७५०च्या दशकात इंग्लंडचं सरकार शेकडा ३ व्याजाने कर्ज उभारत होतं. त्याच वेळी पुण्यात नानासाहेब पेशवे शेकडा १२ ते १८ने घेत होते. त्यांच्या आधी थोरल्या बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना कळवळून लिहिलं होतं की सावकारांच्या पायां पडून कपाळाची कातडी झिजली. उत्तरेत विजयामागून विजय मिळवणारा तो माणूस! त्यांच्या पराक्रमात काय कमी होतं? थोरल्या माधवरावांना थेऊरला शेवटच्या आजारात राज्याच्या कर्जाची काळजी पोखरत होती. कर्ज पेशव्यांच्या अंगावर होतं, त्यांच्या शब्दावर होतं, आणि पेशवा गेला की सावकाराच्या पोटात गोळा येत असे. बाजीरावांचं ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. हुशारी आपल्याकडेही होती. हुंड्या हिंदुस्थानभर चालत होत्या, सुरतेचे आणि बनारसचे सावकार पुढे कंपनीलाच कर्ज देत होते, कारण ती व्याज वेळेवर देत होती. आपलाच पैसा आपल्याविरुद्धच्या पलटणींच्या पगाराला गेला. हे मुलांना सांगायला नको का?

माँटेग्यूला देव्हाऱ्यात बसवा असं मी म्हणत नाही. मी त्याचं बिल तपासतो तेव्हा आक्षेपही नोंदवतो. १६९९मध्ये मंत्रिपद सोडताना त्याने खजिन्याचा ऑडिटर ही जन्मभराची, भरघोस मिळकतीची जागा स्वतःसाठी राखली, आणि पद सोडेपर्यंत ती आपल्या भावाच्या नावावर ठेवली होती. ज्या खजिन्याचा तो प्रमुख, त्याचाच तपासनीस! कुठल्याही कोषागारात हे चालता कामा नये. १७०१मध्ये त्याच्यावर महाभियोग आला. तो बारगळला, पण हा डाग उरला. लाडक्या कवींकडून स्तुती करून घेण्याची हौसही त्याला फार होती. दुसरीकडे, जुन्या सरकारी दप्तरांची हेळसांड बघून ती नीट लावायला लॉर्डांच्या सभेची समिती बसली, तिचं काम त्याने मनापासून केलं. पेशवे दफ्तरात बसून ज्यांनी डोळे शिणवले आहेत त्यांना याची किंमत कळेल. १७१४मध्ये पहिला जॉर्ज आल्यावर तो पुन्हा फर्स्ट लॉर्ड झाला, अर्ल ऑफ हॅलिफॅक्स झाला, आणि मे १७१५मध्ये ५४व्या वर्षी वारला.

आणि त्या हेझलच्या काठ्या? १६९७मध्ये बँकेने भांडवल वाढवलं तेव्हा लोकांकडून पाचातले चार हिस्से या काठ्यांच्याच रूपात घेतले. ज्या काठ्या कुणी पूर्ण किमतीने घेत नव्हतं, त्या बँकेच्या दारात पुन्हा मोलाच्या झाल्या. पुढे कागद आला, काठ्या निरुपयोगी ठरल्या, आणि १८३४मध्ये पार्लमेंटच्या भट्टीत त्या जाळताना जास्त पेटल्या आणि जवळजवळ सगळं पार्लमेंट हाऊस जळालं. आग १६ ऑक्टोबरच्या रात्रीची.

अभ्यासक्रम तुमच्या हातात नसतो हे मला माहीत आहे. परीक्षा, पेपर तपासणी, जनगणना, निवडणूक ड्युटी, या सगळ्यातून तासाला ३५ मिनिटं उरतात हेही माहीत आहे, माझी बायको शिक्षिका होती. म्हणून नवं प्रकरण घाला असं मागत नाही. त्या पाच मुद्द्यांना सहावा जोडा: ‘कमी व्याजाने कर्ज मिळवण्याची इंग्रजांची व्यवस्था’. एवढं एकच वाक्य. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांकडे थोडं अधिक मागतो: अर्थशास्त्राचे आणि इतिहासाचे विद्यार्थी एका वर्गात बसवून पेशव्यांची देण्याची यादी आणि १६९४चा बँकेचा कायदा शेजारी शेजारी ठेवून वाचून घ्या. दोन्ही विभागांत वर्षानुवर्षं एक भिंत आहे, तिला एक दार तरी पडेल.

आणि पावसाळा सरला की सहली निघतील, कितीतरी शाळा पन्हाळ्याला येतील. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी दाखवून झाली की मुलांना तटावर थोडं बसवा. खाली कुठेतरी औरंगजेबाचा तळ पडला होता, आणि एप्रिलच्या उन्हात लोकरी कोट घातलेला एक इंग्रज वकील तिथे फर्मानाची वाट बघत होता. तो कुणाच्या पैशाने आला होता, असं त्यांना विचारा. उत्तर आलं नाही तरी चालेल. त्या रात्री घरी जाऊन एखादं पोर नाण्याच्या कडेवरून नख फिरवत तो प्रश्न बापाला विचारील.

आपला,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी